सिंगर चालेल, मग गिरणी का नाही?

आपल्या कॅन्टीनमध्ये टेक्नॉलॉजीवर वाद निघाला की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, यंत्र म्हणजे नुसतं साधन, सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. दुसरी म्हणते, या मोबाइलने पिढीचं वाटोळं केलं. चहा संपतो, वादही संपतो आणि सगळे सबमिशनच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

मित्रांनो, हाच वाद आपल्या देशात गांधी, टागोर आणि आंबेडकर या तिघांनी घातलेला आहे. एकत्र बसून नव्हे, तर पुस्तकांतून, लेखांतून, एकमेकांना उत्तरं देत, १९०९ ते १९४५ असा तब्बल छत्तीस वर्षं. आपल्या सिलॅबसमध्ये त्यातलं अवाक्षर नाही. चार वर्षांत आपण यंत्र कसं बनवायचं ते शिकतो. ते कुणासाठी, कुणाच्या अटींवर, हा प्रश्न कुठल्याच पेपरला येत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात करू 'हिंद स्वराज'पासून. नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' नावाच्या बोटीवर, बोटीच्याच कागदांवर, गांधींनी हे छोटं पुस्तक दहा दिवसांत गुजरातीत लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला तेव्हा काही पानं डाव्या हाताने लिहिली. पुस्तकाचं रूप संवादाचं आहे. एक वाचक विचारतो, एक संपादक उत्तरं देतो. रेल्वे, वकील, डॉक्टर, गिरण्या, इंग्रजी शिक्षण, सगळ्यांवर संपादक तुटून पडतो. रेल्वेमुळे प्लेग पसरला, धान्य महाग तिथे वाहून गेलं म्हणून दुष्काळ वाढले, असं त्याचं म्हणणं. इंजिनिअरिंगच्या पोराला पहिल्या वाचनात हे पुस्तक साफ उलटं वाटतं, आणि वाटणारच.

पण त्यातला वाचक काही मुखदुर्बळ नाही. तो शेवटी शेवटी बरोबर पकडतो: तुमचं हे म्हणणं छापणार कशावर? छापखानाही यंत्रच ना? संपादकाचं उत्तर असं, की कधी कधी विषाचा उतारा विषानेच करावा लागतो. उत्तर हुशारीचं आहे, पण पुरं पडत नाही. मला आवडतं ते हे, की लेखकाने आपल्या विरुद्धचा सगळ्यात अवघड प्रश्न स्वतःच पुस्तकात लिहून ठेवला. आपल्या किती प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असं असतं?

पंधरा वर्षांनी, १९२४ मध्ये, शांतिनिकेतनचा एक विद्यार्थी, जी. रामचंद्रन, गांधींना भेटला आणि त्याने त्यांची चक्क वायव्हा घेतली. तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? गांधी म्हणाले, कसा असेन, हे शरीर हेच एक नाजूक यंत्र आहे, चरखाही यंत्रच. माझा विरोध यंत्राच्या हव्यासाला आहे. श्रम वाचवत वाचवत हजारो माणसं रस्त्यावर येतात, त्याला आहे. मग त्यांनी एक अपवाद सांगितला: सिंगरचं शिलाई मशीन. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून नवऱ्याने ते शोधलं, असं ते म्हणाले.

रामचंद्रन तिथे थांबला नाही. सिंगर बनवायला कारखाना लागेल, त्यात मोठी यंत्रं लागतील, त्यांचं काय? गांधी म्हणाले, लागतील, पण ते कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले हवेत. मग पुढचा प्रश्न, हा अपवाद संपणार कुठे? उत्तर: जिथे यंत्र माणसाला मदत करायचं थांबवून त्याच्या माणूसपणावर चढाई करायला लागतं, तिथे. बघा, म्हणजे पंधरा वर्षांत प्रश्न 'यंत्र हवं की नको' वरून 'कुठलं, कुणाच्या ताब्यात आणि कुठपर्यंत' असा सरकला. आणि तो सरकवला एका विद्यार्थ्याने, नम्रपणे पण हट्टाने विचारून.

आता टागोर. पुष्कळांना वाटतं कवी म्हणजे यंत्राच्या विरुद्ध असणार. पण १९२५ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू'त त्यांनी चरख्याविरुद्ध लेख लिहिला. तेच ते हालचालींचं काम रोज सगळ्यांनी करायचं, याने मन बधिर होतं, आणि सगळ्या देशाने एकाच मंत्राने एकच क्रिया करणं हे त्यांना धोक्याचं वाटलं. गांधींनी त्याच वर्षी 'यंग इंडिया'त उत्तर दिलं: मी कुणाला आपला धंदा सोडायला सांगत नाही, ज्याला वर्षातले कित्येक महिने काम नाही त्याच्यासाठी चरखा आहे, बाकीच्यांनी रोज अर्धा तास त्याच्यासाठी द्यावा. दोघांचंही म्हणणं खरं आहे, हीच पंचाईत. उपाशी माणसाला मन बधिर होण्याची चैन परवडत नाही. आणि पोट भरल्यावर माणूस नुसता हात राहत नाही.

त्याच टागोरांनी १९२२ मध्ये 'मुक्तधारा' हे नाटक लिहिलं, आणि ते तर आपल्या प्रत्येक सिव्हिलवाल्याने वाचायला हवं. त्यात विभूती नावाचा राजाचा इंजिनिअर धबधब्यावर धरण बांधतो. धरण तांत्रिकदृष्ट्या अप्रतिम, पण कशासाठी? शिवतराईच्या प्रजेचं पाणी तोडून तिला वठणीवर आणण्यासाठी. विभूतीला आपल्या यंत्राचा अभिमान आहे, पाण्याअभावी कुणाचं शेत वाळेल याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. युवराज अभिजित धरणातली कच्ची जागा ओळखतो आणि ते फोडतो. ती कच्ची जागा काँक्रीटपेक्षा दुसरीकडेच होती, असं आपलं मला वाटतं.

नाटक बंगालमधलं, पण त्याच सुमाराला असलं नाटक आपल्या पुण्याजवळ खरोखर घडत होतं. मुळशीला टाटांचं धरण होत होतं, मुंबईला वीज देण्यासाठी. मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. त्याचं नाव ज्यांच्याशी जोडलं गेलं ते सेनापती बापट स्वतः एडिनबरोला शिष्यवृत्तीवर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले होते (राजकीय भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती गेली, ती वेगळी कथा). म्हणजे विरोध करणारा माणूस यंत्राला घाबरणारा अडाणी नव्हता. त्याला टर्बाइन कळत होतं. आणि दुसरीकडे, मुळशीच्या जमिनींचे मालक असलेले पुण्यातले सावकार पैसे घेऊन मोकळे व्हायला तयार होते; प्रश्न होता तो कसणाऱ्यांचा. धरण व्हायचं ते झालंच.

आता या सगळ्या वादातला माझ्या मते सगळ्यात 'इंजिनिअरिंग' कागद. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अटी बघा: चरखा हलका, हाताने किंवा पायाने खेड्यातल्या झोपडीत चालणारा. एका बाईला फार कष्ट न पडता आठ तास चालवता आला पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत, आणि भारतात बनवून. नीट देखभाल केली तर वीस वर्षं चालला पाहिजे, आणि वर्षाचा देखभाल खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. सूत किती निघावं याचीही अट होतीच.

हे निव्वळ स्पेसिफिकेशन आहे. पण त्यात आउटपुटच्या आधी चालवणारी बाई आहे, तिचे आठ तास आहेत, तिचं घर आहे, दुरुस्तीचा खर्च आहे. आपलं स्पेसिफिकेशन आर.पी.एम.ने सुरू होतं आणि कॉस्टने संपतं. मध्ये माणूस असलाच तर 'ऑपरेटर' या एका शब्दात. आपल्याकडे किर्लोस्करवाडीतही अशा चरख्यावर काम झालं. पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत, बक्षीस तसंच राहिलं. स्वातंत्र्याच्या सुमारास तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी अंबर चरखा काढला तो याच वाटेवरचा.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर १९३७ च्या वर्धा परिषदेत हातकामातून शिक्षण ही कल्पना पुढे आली, तीच नई तालीम. आपलं फर्स्ट इयरचं वर्कशॉप गांधींना आवडलं असतं. टागोरांनी मात्र विचारलं असतं, पोरं एम.एस.ची पट्टी तीन तास घासताहेत तेव्हा त्यांचं डोकं जागं असतं का? या प्रश्नाचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा माणूस सगळ्यात उशिरा बोलला आणि सगळ्यात सडेतोड. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादावर एक प्रकरण लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: माणूस आणि जनावर यांच्यातला फरक संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याला फुरसत कुठली? ती यंत्रच देऊ शकतं. यंत्र नको म्हणणं म्हणजे मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना कायमचं राबणं, आणि लोकशाहीला ते चालणार नाही. यंत्राने अनर्थ केले हे त्यांनी नाकारलं नाही. पण दोष यंत्राचा नाही, खासगी मालमत्ता आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा. ती बदला, म्हणजे फायदा सगळ्यांच्या पदरात पडेल.

हे नुसतं लिहिणं नव्हतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे, वीज हे विषय त्यांच्याकडेच होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ त्याच १९४५ मधलं, दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणीही त्यांच्याच काळातली. शिवाय शिकणं, पुस्तक, फुरसत या गोष्टी ज्यांना पिढ्यानपिढ्या नाकारल्या गेल्या, त्यांच्या बाजूने हे बोलणं आहे. 'शेतकऱ्याला अक्षरओळख देऊन काय साधणार' असं 'हिंद स्वराज'मध्ये विचारलेलं आहे, ते वाचल्यावर आंबेडकरांची धार का इतकी, ते समजतं.

मला स्वतःला त्यांचा युक्तिवाद सगळ्यात पक्का वाटतो. फक्त एक गाठ त्यातही सुटत नाही. यंत्र आणि समाजरचना, दोन्ही बदलायचं ठरलं तर यंत्र आधी येतं. धरण चार-पाच वर्षांत उभं राहतं, रचना पन्नास वर्षांतही हलत नाही. मधल्या काळात पाण्याखाली जाणाऱ्याने काय करायचं?

आता आपल्यावर या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि असाइनमेंट लिहिणं पाच मिनिटांचं काम झालं. सर लोक म्हणतात, पोरं आळशी झाली. पण खरं सांगा, एकाचं जर्नल दुसऱ्याने उतरवायचं, मग तिसऱ्याने, हा आपला चरखाच नव्हता का? टागोरांनी ज्याची तक्रार केली तोच? ते काम यंत्राने घेतलं तर रडायचं कशाला. रडायचं असेल तर विचार करण्याचं कामही त्याच्याबरोबर गेलं यावर, म्हणजे सिंगरची हद्द ओलांडली गेली यावर.

आणि बाबासाहेबांचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू आहे: वाचलेले तास गेले कुठे? कंपनीत चौघांचं काम दोघे करायला लागले, तर उरलेल्या दोघांना मिळाली ती फुरसत नव्हे, बेकारी. आणि कामावर राहिलेल्या दोघांना तर तीही नाही. डिलिव्हरीच्या ॲपमध्ये रस्ता आणि वेळ ठरवणारा अल्गोरिदम कुणीतरी आपल्यासारख्याच पोराने लिहिलेला असतो. त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये पार्सल किती मिनिटांत पोचावं हे नक्की असतं. दुचाकीवरच्या माणसाने दिवसाला किती तास चालवावं, पावसात किती उशीर चालेल, गाडीच्या दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हे त्यात लिहायला तांत्रिक अडचण काहीच नाही. १९२९ च्या त्या कागदात ते लिहिता आलं होतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टची नावं लवकरच द्यायची आहेत. फॉर्ममध्ये 'ऑब्जेक्टिव्ह', 'स्कोप', 'एस्टिमेटेड कॉस्ट' असे रकाने आहेत. चालवणार कोण आणि किती तास, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, कुणाचं काम जाणार, हे तीन रकाने पेनने आखून भरायला कुणाची परवानगी लागत नाही. गाइड विचारतील हे कशाला. मग त्यांच्याशी वाद घालायला छत्तीस वर्षांचा मसाला तुमच्याकडे आहेच.