पेशीपटलावरील विद्युतभार आणि यष्टिमधु

पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, रक्तात मात्र ३.५ ते ५. सोडियमचे याच्या उलट. ही विषमता पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप राखतो. एटीपीचा एक रेणू खर्चून तो ३ सोडियम आयन बाहेर टाकतो व २ पोटॅशियम आयन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हे विकर प्रथम वर्णिले. विद्युतभार मात्र मुख्यतः पोटॅशियम मार्गिकांतून बाहेर झिरपल्याने निर्माण होतो. आतील बाजू ऋण राहते. हृदयाच्या स्नायुपेशीत तो सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असतो.

रक्तातील पोटॅशियम घटले की हा समतोल ढळतो, आणि येथेच आपल्या नित्याच्या यष्टिमधूचा संबंध येतो. त्यातील ग्लायसिऱ्हायझिनमुळे मूत्रपिंडातील कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे विकर रोखले जाते. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखे कार्य करते. सोडियम साठते, पोटॅशियम मूत्रावाटे जाते. रक्तदाब वाढतो, स्नायू दुर्बल होतात, हृद्गती अनियमित होऊ शकते. हे दौर्बल्य धातुक्षयाचे समजून बल्य म्हणून पुन्हा यष्टिमधुच देणे, ही चूक आपल्याच हातून होण्याजोगी आहे.

अल्पकाळ, योग्य मात्रेत सहसा भय नाही. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने चूर्ण घेणाऱ्याचा रक्तदाब व रक्तातील पोटॅशियम मात्र तपासावे. डिगॉक्सिन याच पंपाला रोखते व पोटॅशियम घटल्यास अधिक विषारी ठरते. म्हणून औषधालयचालकांनीही ज्येष्ठमधाची पुडी बांधण्यापूर्वी डिगॉक्सिन वा फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल गोळ्या चालू आहेत काय, हे विचारावे.