विंडो गायब झाली, नोंद नाही

तायांनो, ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर बचत-कर्जाच्या नोंदी भरताना कधी विंडो अचानक अर्ध्या स्क्रीनवर जाऊन बसते, कधी बाकीच्या सगळ्या गायब होतात. वाटतं, भरलेलं गेलं! घाईत परत भरलं तर एकाच ताईचा हप्ता दोनदा चढतो, आणि पासबुकाशी मेळ बसत नाही.

खरं तर काहीच पुसलेलं नसतं. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. विंडोची वरची पट्टी माऊसने धरून स्क्रीनच्या डाव्या-उजव्या कडेला नेली की ती अर्ध्या भागात बसते. पट्टी धरून जोरात हलवली की बाकीच्या विंडो खाली टास्कबारवर जातात. पुन्हा हलवली की परत येतात.

नको असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये असं बंद करा:

१. स्टार्टमधून सेटिंग्ज उघडा.
२. सिस्टीम, मग मल्टिटास्किंग निवडा.
३. ‘स्नॅप विंडोज’ ऑफ करा.
४. विंडोज ११ असेल तर तिथेच ‘टायटल बार विंडो शेक’ही ऑफ करा.

तरीही विंडो दिसेनाशी झाली, तर आधी टास्कबार बघा, नोंद तपासा, मगच पुढे भरा. पुढच्या बैठकीत एकमेकींना करून दाखवा बरं का!