अभ्यासपाठ : उन्हावर तापलेले पाणी

वाचन : मत्तय ५:४५, याकोब २:१५-१६



उघड्या भावाला तोंडाने उबेच्या शुभेच्छा देऊन वाटेला लावले तर त्याचा काय लाभ, असे याकोब विचारतो. हा पाठ त्या उबेविषयीच आहे.

नवी मुंबईच्या टॉवरांमागे, पनवेल तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. कातकरी हे नाव खैरापासून काढल्या जाणाऱ्या कातावरून पडले. पुढे या समाजाने इतरांसाठी कोळसा पाडला. आजही अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. दुसऱ्यांच्या भट्ट्या पेटवणाऱ्या या घरांत बाळंतिणीला गरम पाणी द्यायचे, तर आधी कोणीतरी मोळी आणावी लागते. मी जातो त्या वाड्यांत ती बहुधा बाईच आणते.

ऊन मात्र सर्वांच्या अंगणात सारखेच पडते. विल्यम अॅडम्स यांनी १८७८ साली मुंबईतच आपल्या सूर्यप्रयोगांवर पुस्तक छापले. आरसे लावलेल्या अष्टकोनी चुलीवर त्यांनी सात सैनिकांचे जेवण शिजवले होते. ब्राझीलमध्ये जोझे अल्सिनो अलानो यांनी २००२ साली प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि दुधाची खोकी वापरून घरगुती पाणीतापक केला. त्याला पाइप आणि टाकी लागते. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला मात्र उचलून नेता येईल असेच साधन हवे. म्हणून ही साधी पेटी.

कृती

१. तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा धुऊन बाहेरून बिनचकाकीचा काळा रंग द्या. काळा रंग ऊन शोषतो. तळोजा किंवा तुर्भ्याच्या कारखान्यांकडून भंगारात येणारे रसायनांचे डबे व पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

२. जुन्या प्लायची, डब्यापेक्षा सर्व बाजूंनी वीतभर मोठी पेटी करा. तळाला आणि कडेने तीन बोटे जाडीचा भाताचा पेंढा किंवा चुरगळलेली वर्तमानपत्रे भरून वर पुठ्ठा बसवा. यामुळे आतली उष्णता बाहेर जात नाही.

३. दुधाची वा सरबताची चंदेरी अस्तराची खोकी उघडून धुवा आणि चकचकीत बाजू वर ठेवून पुठ्ठ्यावर चिकटवा. कडेचे ऊन डब्यावर वळते.

४. डबा आडवा ठेवा, तोंडाचा कोपरा वर. १० लिटर पाणी भरा. झाकण घट्ट लावू नका. वाफेला वाट हवी.

५. वर जुन्या खिडकीची काच बसवा. कडा घासून घ्या आणि फटी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बुजवा. काच ऊन आत घेते, ऊब धरून ठेवते.

६. थंडीत पेटी दक्षिणेकडे तोंड करून, साधारण ३५ अंश कलती ठेवा. सकाळी नवाच्या आत पाणी भरा, चारच्या सुमारास काढा. उशीर होणार असेल तर काचेवर गोधडी टाका.

स्वच्छ उन्हात पाणी अंघोळीपुरते चांगले तापते. बाळासाठी आधी थंड पाणी मिसळा, मग कोपराने पाहा. हे पाणी पिण्यासाठी नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. पावसाळ्यात पेटीचा उपयोग नाही, तेव्हा चूल आहेच.

हिशेब

१० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला उघड्या चुलीवर अर्धा ते पाऊण किलो लाकूड जळते. उन्हाचे २०० दिवस धरले तर शंभर किलोंहून अधिक, म्हणजे वीस किलोची एक धरून निदान पाच मोळ्या. पाच वेळा कोणाची तरी मान दुखणार नाही.

तयार यंत्र भेट देणे सोपे असते. पण ते बिघडले की कारागीर शहरातून यावा लागतो. या पेटीची काच फुटली तर वाडीतली बाई दुसरी बसवू शकते. म्हणून पेटी तिच्याच हातांनी बनावी आणि आपण सामान पोचवावे. इमारतींत दुरुस्ती निघाली की खिडक्यांच्या काचा आणि प्लाय भंगारात जातात. विकत घ्यावा लागतो तो रंग, खिळे आणि गोंद.

मंडळीत चर्चेसाठी

• आपल्या सोसायटीतून गेल्या वर्षी कोणत्या उपयोगी वस्तू भंगारात गेल्या?
• आपली मदत घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते का?
• तरुण संघ आणि महिला मंडळ मिळून एक पेटी आधी चर्चच्या गच्चीवर करून पाहतील का?

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो.