अम्लोडिपिन : रोजची गोळी, तातडीची नव्हे

मावशी : नेहा, बीपीसाठी मला अम्लोडिपिन दिलीय. केमिस्ट म्हणाला, ही कॅल्शियम अडवते. मग हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू?

डॉ. नेहा : नको गं, चालू ठेव. ही गोळी हाडांतल्या कॅल्शियमला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. गोळी ती दारं बरीचशी बंद ठेवते. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो.

मावशी : ह्यांचं बीपी तर बरं आहे. जिना चढताना छाती भरून येते, तरी तीच गोळी?

डॉ. नेहा : तो अंजायना. श्रम पडले की हृदयाला जास्त रक्त लागतं, पण अरुंद धमन्यांतून ते पुरत नाही. ही गोळी हृदयावरचा भार हलका करते आणि त्याच्या धमन्याही सैल करते.

मावशी : मग दुखायला लागलं की एक जास्तीची द्यायची?

डॉ. नेहा : मुळीच नाही! ती रक्तात पुरती चढायलाच 6 ते 12 तास लागतात. काकांना लगेच बसव, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी दे. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन कर.

मावशी : पूर्वी बीपी चढलं की कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायचे.

डॉ. नेहा : निफेडिपिनची. त्यानं दाब एकदम कोसळून काहींना पक्षाघात, हार्ट अटॅक आले. ती पद्धत आता चुकीची मानतात.

मावशी : माझे घोटे सुजतात. लघवीची गोळी घेऊ?

डॉ. नेहा : तिचा फारसा उपयोग नाही. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाहीत. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. 10 मिलिग्रॅमच्या डोसवर हे जास्त दिसतं. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडलं की सूज बहुधा ओसरते. पण डॉक्टरांना दाखवच. हृदय-मूत्रपिंडाच्या आजारातही पाय सुजतात.

मावशी : आता बीपी 130 वर आलंय. थांबवू?

डॉ. नेहा : गोळीमुळेच तर आलंय! हिचा अंमल दीर्घ असतो, म्हणून बंद केल्यावर दोन दिवस काही जाणवत नाही आणि माणूस फसतो. एखाद्या दिवशी विसरलीस तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नकोस.