रंगाखालचं पाणी (गीता २.५९)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला, ५९ वा. स्थितप्रज्ञ ओळखायचा कसा, हे अर्जुनाने ५४ व्या श्लोकात विचारलं आहे आणि भगवंतांचं उत्तर चालू आहे. इथे ते सांगतात की इंद्रियांचा आहार बंद केला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत राहते. ती जाते परमतत्त्वाच्या दर्शनानेच. या गोडीला मूळ श्लोकात शब्द आहे 'रस'.

एकादशीला जेवण सोडलं तरी डोक्यात दुसऱ्या दिवशीची मिसळ असते ना, तोच हा रस! (साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मी काही बोलत नाही.)

मला हा शब्द नीट कळला तो एका होडीमुळे. चिखलीत आमच्या मामांच्या पार्किंगमध्ये एक जुनी फायबरची होडी उलटी ठेवली आहे. बरीच वर्षं ती पवना धरणात होती, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं त्याच पाण्यात. मामा चाकणच्या एका पेंटशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे रंगवायची तर घरीच. होडीच्या बुडाला मुगाएवढे, काही रुपयाएवढे फोड होते. शेजारी म्हणाले, "पॉलिश पेपर मारा, दोन हात द्या, नवी दिसेल." मामांनी एक फोड टोचला. आतून चिकट पाणी आलं, व्हिनेगरसारख्या वासाचं.

फायबरच्या होडीवर जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. तो पाणी अडवतो, पण पूर्ण नाही. वर्षानुवर्षं थोडी थोडी ओल आत झिरपते आणि रेझिनमधली रसायनं तिच्यात विरघळतात. ते दाट पाणी बाहेरचं आणखी पाणी आत ओढून घेतं, दाब वाढतो आणि फोड येतो. गोड्या पाण्यात हे जास्त होतं. यावर रंग दिला तर होडी दिसेल छान, पण ओल आत कोंडली जाईल आणि फोड पुन्हा येतील.

म्हणून मामांनी आधी मेण आणि तेलकटपणा पुसला (न पुसता घासलं की मेण ओरखड्यांत बसतं आणि रंग धरत नाही), मग एकेक फोड उघडून साध्या पाण्याने परत परत धुतला. आता नुसतं वाळवणं चालू आहे. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकचा तुकडा बसवायचा. आतून दव धरलं तर अजून थांबायचं. यात आठवडे जातात. मग इपॉक्सीची लांबी, प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी रंग.

होडी पाण्याबाहेर काढली हा उपवास. तो हवाच, त्याशिवाय वाळणार कशी? पण बाहेर काढल्याने आतलं पाणी आपोआप जात नाही. ज्ञानेश्वर माउली इथे झाडाचा दृष्टांत देतात: वरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग झाड मरेल कसं? पुढे ते जिभेबद्दलही बोलतात. बाकीचे विषय तोडता येतील, पण खाणं हट्टाने तोडता येत नाही, जगणंच त्यावर चालतं. मला हे फार प्रामाणिक वाटतं. होडीलाही शेवटी पाण्यातच जायचं आहे.

आपल्यापैकी कितीजण चातुर्मासात इन्स्टाग्राम काढून टाकतात! मग चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकते आणि अंगठा आपोआप त्या रिकाम्या जागेवर जातो. तो गेला की लगेच स्वतःला रागावू नका. फोड दिसला आहे, तो उघडा. आत काय आहे? कंटाळा, एकटेपणा, की कुणीतरी आपल्याला बघावं ही इच्छा? तेच जसंच्या तसं विठ्ठलाला सांगा आणि मग नाम घ्या. एका दिवसात वाळणार नाही.

उद्या २.६०: प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन इंद्रियं कशी ओढून नेतात. आणि होडी आवडली असेल, तर ६७ व्या श्लोकात वाऱ्याने भरकटणारी एक आहे, तिथेही पोहोचूच.