ज्या हाताला जेल, त्याच हातातून रक्त

इस्ट्रोजेनचं जेल लावणाऱ्या बाईने रक्ताचा रिपोर्ट हातात आल्याबरोबर औषधाचं प्रमाण बदलायला तयार होऊ नये. आधी चार प्रश्न विचारावेत. मला ते कुणी सांगितले नव्हते, आणि त्यापायी एक अख्खा उन्हाळा वाया गेला.

पाळी गेल्यावर माझ्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. रात्री छातीतून भडका उठून मानेपर्यंत चढायचा, पाठोपाठ घाम, मग थंडी. गायनॅक बाईंनी गोळीऐवजी जेल दिलं, कारण माझ्या आईच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झाली होती. पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेतून गेलेलं थेट रक्तात मिसळतं. फ्रान्समधल्या ‘एस्थर’ अभ्यासात गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, त्वचेतून घेणाऱ्यांमध्ये तसा दिसला नाही. गर्भाशय शाबूत असल्यामुळे रात्रीची प्रोजेस्टेरॉनची गोळी सोबत होतीच.

जेलने भडके बसले. पुढे नेहमीच्या बाई रजेवर असताना कुणीतरी ‘एकदा पातळी बघून घेऊ’ म्हणालं, आणि रिपोर्टमध्ये इस्ट्राडायॉलचा आकडा चारशेच्या घरात आला. प्रमाण ताबडतोब निम्मं झालं. मी पुन्हा पहाटे दोनला पंख्याखाली बसायला लागले. बाई परत आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर जेल कुठे लावता आणि रक्त कुठून काढलं. दोन्ही उजव्या हातालाच. मनगटापासून खांद्यापर्यंत सकाळी जेल चोळायचं आणि तासाभरात कोपराच्या खोबणीतून रक्त द्यायचं, म्हणजे सुई त्वचेवरचं औषधच नळीत घेऊन जाणार. पुढच्या वेळी जेल मांडीला लावलं, रक्त हातातून दिलं. आकडा साठाच्याही खाली आला.

तर पहिला प्रश्न हातांचा. दुसरा वेळेचा: जेल लावून किती तास झाले? पातळी दिवसभर सारखी नसते, म्हणून दर तपासणी त्याच सुमारास व्हावी. तिसरा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही, तो बायोटिनचा. या वयात केस गळतात म्हणून निम्म्या मैत्रिणी बायोटिनच्या गोळ्या घेत असतात. काही लॅबच्या चाचणीपद्धतीत हे बायोटिन लुडबुड करतं आणि इस्ट्राडायॉल खोटंच जास्त दाखवतं. रक्त देण्याआधी ते किती दिवस थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

चौथा एककाचा. माझी नणंद लेस्टरला असते. तिचा आकडा तीनशे आणि माझा ऐंशी, हे ऐकून तिने फोनवर माझी कीव केली होती. तिकडे पिकोमोल प्रति लिटर लिहितात, इकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. आपल्या आकड्याला ३.६७ ने गुणलं की तिकडचा आकडा येतो. ऐंशी गुणिले ३.६७ म्हणजे २९४, दोघी अगदी सारख्या! परदेशातल्या बहिणी-भावजयांशी तुलना करणाऱ्यांनी हा गुणाकार फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

हे सगळं नीट पाळूनही दोन बायकांची पातळी सारखी येईलच असं नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर दारवानासारखा असतो, आणि प्रत्येकीचा दारवान वेगळा. लावलेल्या जेलमधलं साधारण दहा टक्केच औषध रक्तात पोचतं. बाकी काही त्या थरात साठून सावकाश झिरपतं, काही वाया जातं. ब्रिटनमधल्या दीड हजारांहून अधिक बायकांची एक पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. परवाना असलेलं सर्वांत जास्त प्रमाण वापरणाऱ्यांमध्येही चौघींतल्या एकीची पातळी कमीच होती. ‘एवढं लावूनही त्रास जात नाही’ म्हणणारी बाई नखरे करत नाही, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं. रक्ततपासणीचा खरा उपयोग अशाच बाईला आहे. जिला बरं वाटतंय तिने उगीच सुई टोचून घेऊ नये असं माझं मत.

लावण्याची पद्धत साधी आहे, पण तीत खोट राहते. अंग कोरडं हवं, तेल-क्रीम आधी नको. बोटभर जागेत जाड थर देण्यापेक्षा पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, मग कपडे. हात साबणाने धुवायचे. छातीला कधीही लावायचं नाही. तासभर आंघोळ नको. वाळलेली जागाही कपड्याने झाकून ठेवा, विशेषतः नातवंडांना कडेवर घेत असाल तर. असाच इस्ट्रोजेनचा स्प्रे मारणाऱ्या बायकांच्या त्वचेशी संपर्क येऊन लहान मुलांची छाती वाढल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये जाहीर इशारा दिला होता.

जेलऐवजी इस्ट्रोजेनचा पॅच, म्हणजे औषधाची चिकटपट्टी, लावणाऱ्यांचा त्रास वेगळा. तो कमरेखाली लावायचा, पण परकराची किंवा सलवारची नाडी जिथे घासते तिथे नाही. दुपारपर्यंत कोपरा उचलला जातो. अभ्यंग केलेल्या अंगावर तो चिकटतच नाही. आणि त्यावर शेकायची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शोषण कमी आहे असं वाटून कुणी मनाने दोन पट जेल लावायला लागली, तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, आणि आधीची प्रोजेस्टेरॉनची गोळी त्याला पुरी पडेलच असं नाही. इस्ट्रोजेन वाढवायचं तर दोन्हींचा हिशेब डॉक्टरांनी एकत्र करायचा असतो. कधीकधी प्रमाण न वाढवता जेलऐवजी पॅच किंवा पॅचऐवजी जेल देऊनच काम भागतं. कोणताही बदल केला की साधारण तीन महिने थांबून बघतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी तर मैत्रिणीची ट्यूब हातातही घेऊ नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ‘हॉर्मोनमुळे असेल’ म्हणून वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफीचं विचारायचं.