भाऊ चर्च सोडून गेला, त्याचं तारणही गेलं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कॉलेजात असताना युवक संघात सगळ्यांच्या पुढे असायचा. बाप्तिस्माही त्याने स्वतःहून मागून घेतला. नोकरी लागली आणि हळूहळू चर्च सुटलं. आता तर देव वगैरे काही नसतं म्हणतो. आमचे पाळकसाहेब सांगतात, एकदा मिळालेलं तारण जात नाही. माझं सासर मेथडिस्ट. तिथे सांगतात, विश्वास सोडला की तारणही गेलं. दोघेही बायबल उघडूनच दाखवतात. मी काय मानू? आणि तो परत आलाच, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, दोघेही तुम्हाला शास्त्रातलंच दाखवताहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या मेंढरांविषयी सांगतो, की त्यांना माझ्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही. उलट इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात इशारा आहे, की ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते जर पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. या दोन्हींपैकी एक वचन झाकून ठेवून दिलेलं उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

तुमच्या माहेर-सासरचा हा वाद चारशे वर्षांचा आहे. नेदरलँड्समध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली. त्यातल्या पाचव्या कलमात, खरा विश्वासणारा कायमचा दूर जाऊ शकतो का याचा शास्त्रातून आणखी शोध घ्यायला हवा, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पुढे त्यांचं मत पक्कं झालं, की जाऊ शकतो. 1618-19 च्या डॉर्ट इथल्या धर्मसभेने धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेला धरून उलट निर्णय दिला : देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने अठराव्या शतकात आर्मिनियसची बाजू उचलली आणि मेथडिस्ट मंडळ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन यांची मुळं कॅल्विनच्या परंपरेतली. म्हणून एकाच शहरातल्या दोन चर्चमध्ये तुम्हाला दोन उत्तरं मिळतात. कॅथोलिक शिकवण तिसरी : गंभीर पापाने कृपा गमावता येते आणि प्रायश्चित्त संस्काराने ती परत मिळते.

पण डॉर्टच्या निर्णयाचा अर्थ ‘एकदा हात वर करून प्रार्थना म्हटली, आता कसंही वागा’ असा लावतात, तो साफ चुकीचा आहे. त्याच सभेने दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन लिहिलं, की खरे विश्वासणारेही भयंकर पापात पडतात आणि काही काळ कृपेची जाणीवही हरवून बसतात. जो कायमचा पाठ फिरवतो, त्याच्याविषयी कॅल्विनची परंपरा म्हणते की तो विश्वास मुळात रुजलाच नव्हता. वेस्ली म्हणतो, होता, पण गमावला. तसाच मेला तर तो सुरक्षित आहे, असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. आणि तो जिवंत असेपर्यंत त्याला काय सांगायचं, यावर दोघांचं एकमत आहे : परत ये.

विश्वास सोडून गेलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न सुरुवातीच्या मंडळीला भिडला तो पुस्तकातून नाही. रोमन सम्राट डेसियसने इ.स. 250 च्या सुमारास हुकूम काढला, की प्रत्येकाने देवतांना यज्ञ करून सरकारी दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. पपायरसच्या लहानशा तुकड्यावर अर्जदाराचं नाव, मी देवतांना नेहमीच यज्ञ करत आलो आहे आणि आत्ता तुमच्यासमोर अर्पण करून प्रसाद चाखला अशी कबुली, खाली साक्षीदाराची सही. कार्थेजमध्ये कितीतरी ख्रिस्ती लोक कोणी ओढून नेण्याआधीच यज्ञाला धावले. काहींनी यज्ञ न करता लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं रडत मंडळीच्या दाराशी आली.

रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना मंडळीत पुन्हा जागा नाही. दुसऱ्या टोकाला काही जण त्यांना लगेच प्रभुभोजनाला बसवायला निघाले होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सोबतच्या बिशपांनी 251 मध्ये दोन्ही नाकारलं. ज्याचं त्याचं प्रकरण वेगळं तपासलं. नुसता दाखला घेणाऱ्यांना पश्चात्तापानंतर आत घेतलं, यज्ञ करणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त दिलं. काही झालंच नाही असं ते म्हणाले नाहीत आणि सगळं संपलं असंही म्हणाले नाहीत. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

माझं मत विचाराल, तर तारण आपल्या पकडीवर नाही, देवाच्या पकडीवर टिकतं, असं मी मानतो. शास्त्रातले इशारे मात्र खोटी भीती घालायला लिहिलेले नाहीत. त्यांच्याकरवीच देव आपल्या माणसांना राखतो. इब्रीच्या सहाव्या अध्यायात तो कठोर इशारा दिल्यावर लेखक लगेच वाचकांना ‘प्रियजन’ म्हणतो आणि तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्याचीच खात्री आहे, असं सांगतो. तेवढं पुढचं वचन वाचल्याशिवाय अध्याय मिटू नये.

आणि तो अध्याय भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अशा वचनांनी हळव्या माणसाचं काय होतं ते इंग्रज उपदेशक जॉन बनियनने 1666 च्या आत्मकथनात लिहिलं आहे. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार त्याच्या मनात दिवसरात्र घोळायचा. एकदा थकून त्याने मनातल्या मनात होकार दिला आणि मग जन्मसिद्ध हक्क विकणाऱ्या एसावाचं वचन महिनोन्‌महिने त्याचा पाठलाग करत राहिलं. आपल्याला क्षमाच नाही, अशी त्याची खात्री झाली होती. हाच माणूस पुढे उपदेशासाठी तुरुंगात राहिला आणि त्याने लिहिलेल्या ग्रंथाचं ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर मराठी ख्रिस्ती घरांत पोचलं. तुमच्या भावाच्या ‘देव नाही’च्या मागे काय आहे, राग, दुःख की नुसता कंटाळा, हे तुम्हालाही ठाऊक नसेल. ते त्याला विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्याचं तारण गेलं की राहिलं, याचा निवाडा देवाने तुमच्यावर किंवा तुमच्या पाळकसाहेबांवर सोपवलेला नाही.

तो परत आला तर पुन्हा बाप्तिस्म्याची गरज नाही. मंडळीत बाप्तिस्मा घेऊन नंतर भरकटलेल्यांना, ते परत आल्यावर, तिसऱ्या शतकातही पुन्हा पाण्यात उतरवत नसत. पश्चात्तापानंतर डोक्यावर हात ठेवून आत घेत. पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो येईल त्या रविवारी त्याला सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारले जाणार नाहीत.